तळणीचं उरलेलं तेल

माँट्रियल शहर एका बेटावर वसलं आहे. त्या बेटाच्या पश्चिम टोकाला सेंट-ॲन-द-बेलव्ह्यू नावाचं लहानसं गाव आहे आणि मॅकगिल विद्यापीठाचं शेतकी संकुल, मॅकडोनल्ड कॉलेज, तिथेच आहे. १९५० च्या आसपास तिथले पोषणशास्त्रज्ञ अर्ल क्रॅम्प्टन, रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉमन, फ्लॉरेन्स फार्मर आणि त्यांचे सहकारी एका प्रश्नाच्या मागे लागले होते. खाद्यतेल फार तापवलं की ते अंगी लागत नाही, असं दिसत होतं. का लागत नाही?

त्यांनी जवसाचं तेल घेतलं, २७५ अंश सेल्सिअसवर तापवलं आणि पांढऱ्या उंदरांच्या खाद्यात मिसळलं. उंदरांची वाढ खुंटली. मग त्यांनी त्या तापलेल्या तेलाचे भाग वेगळे करायला घेतले आणि त्यासाठी युरिया वापरला. आपल्याकडे शेतात टाकतात तोच युरिया. त्याचे स्फटिक तयार होताना सरळ साखळीची मेदाम्लं आपल्या पोकळ नळीत ओढून घेतात. उष्णतेने ज्यांची साखळी वळून तिचं कडं झालेलं असतं, ती त्या नळीत मावत नाहीत आणि बाहेर राहतात. १९५३ च्या निबंधात निष्कर्ष स्पष्ट होता. नळीत मावलेला भाग निरुपद्रवी होता, बाहेर राहिलेल्या भागात विष होतं. ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये १९५१ पासून १९५६ पर्यंत ही निबंधमाला येत राहिली. तापलेल्या तेलात नुसती जीवनसत्त्वं मरत नाहीत, काहीतरी नवं जन्माला येतं, हे त्यातून पुढे आलं.

हे निबंध मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ‘जवस’ या शब्दापाशी अडखळले. माझं माहेर यवतमाळकडचं. भाजलेलं जवस, लसूण, तिखट, मीठ, खलबत्त्यात कुटलेली चटणी आणि तिच्याबरोबर ज्वारीची भाकरी, हे माझं पहिलं खाणं. लग्नानंतर कॅनडात आले तेव्हा सस्कॅचेवानच्या मैदानात जुलैमध्ये निळ्या फुलांनी भरलेली शेतं पाहिली आणि ते जवस आहे हे कळल्यावर गाडी थांबवायला लावली. जगात सर्वांत जास्त जवस पिकवणाऱ्या देशांत कॅनडा आहे. विनिपेगच्या सेंट बॉनिफेस हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात ग्रँट पियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांच्या खाण्यात सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस होतं. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सुमारे १० अंकांनी कमी निघाला. औषधाच्या गोळीने उतरावा इतका हा फरक आहे.

जवस तेच. एका प्रयोगात त्याचं तेल उंदरांची वाढ खुंटवतं, दुसऱ्यात त्याचं पीठ माणसाचा रक्तदाब उतरवतं. या दोन प्रयोगांच्या मध्ये त्या मेदाचं काय झालं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मेदावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. तूप चांगलं की तेल, शेंगदाण्याचं की करडईचं, घाण्याचं की रिफाइंड, यावर घराघरांत वाद आहेत आणि ते मलाही आवडतात. पण हे सगळे वाद मेदाच्या जातीवर चालतात. त्या मेदावर पुढे काय गुदरलं, किती तापला, किती वेळा तापला, किती दिवस उजेडात आणि उघड्यावर राहिला, ही चौकशी फार थोडे करतात. मला वाटतं जातीइतकीच, आणि काही वेळा जातीपेक्षा जास्त, ही चौकशी महत्त्वाची आहे.

रसायन थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढची पानं कळणार नाहीत. मेदाम्ल म्हणजे कार्बनची साखळी. तिच्यात काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याचा हायड्रोजन सैल असतो, सहज निसटतो. तो निसटला की उरलेला रेणू अस्वस्थ होतो, हवेतला ऑक्सिजन धरतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो. मग शेजारी अस्वस्थ. उसाच्या फडाला एका कोपऱ्यात ठिणगी पडावी आणि पाचटावरून पाचटावर आग सरकत जावी, तसं हे ऑक्सिडीकरण चालतं. ज्या तेलात असे सैल हायड्रोजन जास्त, ते लवकर पेटतं. शेंगदाण्याच्या तेलात ते बेताचे असतात. करडईच्या नेहमीच्या तेलात तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे बरेच. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग त्याहूनही चंचल अशा लिनोलेनिक आम्लाचा असतो. म्हणून तर जवसाचं तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं. रंगात, वॉर्निशात, क्रिकेटच्या बॅटीवर ते त्याच गुणासाठी लावतात. तुमच्या गॅसच्या वरच्या कपाटाला बोट लावलं की जो पिवळट, चिकट, साबणाने न निघणारा थर हाती येतो, तोही याच जातीचा. स्वयंपाकघरात आपण नकळत वॉर्निश तयार करत असतो.

आग लागल्यावर पहिल्या टप्प्यात पेरॉक्साइडं तयार होतात. ती टिकाऊ नसतात. उष्णतेने तुटतात आणि त्यांचे तुकडे म्हणजे अल्डिहाइडं. यांतला हेक्झानल आपल्या नाकाला अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतो. खोबऱ्याला, दाण्याला, जुन्या चिवड्याला ‘खवट’ वास येतो तो अशाच तुकड्यांमुळे. या एका गुणासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र, नेमका शब्द आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण नाकावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. रिफाइंड तेलातून वासाचे सगळे रेणू वाफेने काढून टाकलेले असतात, त्यामुळे त्याची सुरुवातच कोऱ्या पाटीने होते. आणि सर्वांत घातक तुकडे सर्वांत वासाचे असतात असंही नाही.

त्या घातक तुकड्यांतलं एक नाव पुढे वारंवार येईल: फोर-हायड्रॉक्सीनॉनेनल, लिनोलेइक आम्लापासून होणारं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे हेरमान एस्टरबाउअर यांनी इटलीतल्या सहकाऱ्यांबरोबर १९८० मध्ये ते यकृताच्या पेशींतल्या मेदातून वेगळं ओळखलं. तेव्हा ते शरीराच्या आतली घडामोड म्हणून पाहिलं गेलं. मिनेसोटा विद्यापीठात सारी चालानी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला सोयाबीनचं तेल तळणीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे १८५ अंशांना, ठेवून तपासलं आणि तेच संयुग तिथे सापडलं. वेळ वाढेल तसं ते साचत गेलं. मग त्यांनी तळलेल्या पदार्थातही ते शोधलं, कारण बटाटा तेल पितो आणि तेलाबरोबर तेलातलं सगळंच पितो. हे संयुग प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचं काम बिघडवतं. शरीराजवळ त्याला आवरायला ग्लुटाथायोन आहे, यकृत आहे. आपण काही उघडे पडलेलो नाही. प्रश्न रोजच्या ओझ्याचा आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट. आम्ही टोरांटोच्या पश्चिमेला राहतो. दिवाळी येते तेव्हा इथे खिडक्या बंद झालेल्या असतात आणि त्या मार्चपर्यंत उघडत नाहीत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या त्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून फराळ केला. चकलीचे घाणे झाले, मग शेव, मग करंज्या. शेवटी कढईत लिटरभर तेल उरलं, गडद तपकिरी, थोडं जाडसर, कडेला बारीक फेस धरलेलं. मी ते ओतून द्यायला निघाले.

“अगं, टाकतेस काय? गाळून ठेव. रोजच्या फोडणीला होईल.”

“आई, चार वेळा तापलंय ते.”

“तेल आहे ते, नासायला काय दूध आहे?”

मी गाळून ठेवलं. त्यांच्या शब्दाला मान दिला, आणि त्या वाक्याला माझ्याकडे उत्तरही नव्हतं. अन्नाच्या प्रयोगशाळेत काम करणारी मी, आणि तेल कसं नासतं हे घरातल्या माणसाला समजेल अशा मराठीत सांगता आलं नाही. तो खजीलपणा कित्येक वर्षं माझ्याबरोबर राहिला. या पुस्तकाचं मूळ त्या गाळलेल्या तेलाच्या बरणीत आहे.

सासूबाईंचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. तेल महाग होतं, टाकणं पाप होतं, आणि त्यांच्या लहानपणी तळण सणापुरतं होतं. वर्षातून चार वेळा तळणाऱ्या घरात उरलेलं तेल फोडणीत संपवलं तर फारसं बिघडत नव्हतं. आज आठवड्यातून दोनदा बाहेरचं तळलेलं, वर पाकिटातला फरसाण, फ्रीजरमधले आधीच तळलेले समोसे, त्यात घरच्या बरणीतलं तेल, असं सगळं एकाच ताटात येतं. सवय तीच राहिली आणि भोवतीचं खाणं बदललं.

भांड्यांचंही सांगायला हवं. लोखंड आणि तांबं ही दोन्ही या आगीला वारा घालतात, आणि तांबं तर फारच. पितळेच्या पातेल्याला दरवर्षी कल्हई लावणाऱ्या आपल्या आज्या आंबट पदार्थ कळकू नये म्हणून लावत होत्या, पण त्याच कल्हईने तांबं आणि तूपही एकमेकांपासून दूर राहत होतं. लोखंडी कढईचं मात्र मी मनापासून कौतुक करते. पंडुरोग असलेल्या बायकांच्या घरात तिच्यात भाजी शिजलीच पाहिजे. त्याच कढईत तळणीचं तेल रात्रभर तसंच ठेवणं मात्र थांबवावं. शिजवा लोखंडात, साठवा काचेत किंवा स्टीलमध्ये, अंधारात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या विषयाचे जुने निबंध चाळताना ‘जर्नल ऑफ द अमेरिकन ऑइल केमिस्ट्स सोसायटी’च्या १९६३ च्या अंकात मला एक निबंध मिळाला: तळणीच्या मेदात आणि तळलेल्या पदार्थातून काढलेल्या मेदात रेणू एकमेकांना चिकटून किती जाड झाले आहेत, ते मोजण्याची रीत. लेखकांची नावं सहस्रबुद्धे आणि भालेराव. भालेराव यांनी त्याआधी, १९५९ मध्ये, इलिनॉयच्या फ्रेड कुमेरो यांच्याबरोबर तापवलेल्या लोण्याच्या मेदावर काम केलेलं होतं. सहस्रबुद्धे ओटावातल्या केंद्रीय अन्न व औषध विभागात होते. १९६४ मध्ये तिथून त्यांनी मक्याच्या तेलावर उष्णतेचा काय परिणाम होतो ते लिहिलं आणि पुढे कॅनडाच्या कृषी खात्यात ओटच्या मेदावर. मराठी आडनावाचा माणूस साठ वर्षांपूर्वी याच देशाच्या राजधानीत बसून जळलेल्या तेलाचं मोजमाप करत होता, आणि इथल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत मी त्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही. आपण नाटकवाल्यांना, गायकांना, उद्योजकांना बोलावतो. बोलवावंच. पण ज्यांनी आपल्या ताटातल्या वड्याकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहिलं, त्यांचीही आठवण असावी म्हणून या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण या पिढीच्या रसायनशास्त्रज्ञांना दिलं आहे.

कॅनडाचा आणि तेलाचा संबंध जवसावर संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या वाफेच्या इंजिनांना वंगण म्हणून इथे रेपसीड पेरलं गेलं. युद्ध संपल्यावर त्या पिकाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. त्याच्या तेलात इरुसिक आम्ल फार होतं आणि त्याने प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूंवर परिणाम होतो असं दिसत होतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे बाल्डूर स्टेफान्सन आणि सस्काटूनचे कीथ डाउनी यांनी वर्षानुवर्षं निवड करत १९७४ पर्यंत ते आम्ल जवळजवळ घालवलं. १९७८ मध्ये या नव्या तेलाला ‘कॅनोला’ हे नाव मिळालं. त्याच्या नावातच कॅनडा आहे. मी ते वापरते. पण त्यात सुमारे एक दशांश लिनोलेनिक आम्ल आहे, जवसातलं तेच चंचल आम्ल, आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवायला योग्य नाही, हेही तितकंच खरं.

आणि इथून मी ट्रान्स फॅटच्या गोष्टीकडे येते, कारण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. तेलात अर्धवट हायड्रोजन भरून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ही युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभीची. भारतात डालडा आला तो १९३७ मध्ये. ही युक्ती इतकी का फोफावली? असं केलेला मेद खवट होत नव्हता, म्हणून. सैल हायड्रोजनचा प्रश्नच त्यात दुहेरी बंध मिटवून सोडवला जात होता. बिस्किटं महिनोन्महिने टिकत, तळणीचं तेल दिवसेंदिवस चालत असे. त्या सोयीची किंमत हृदयाने मोजली हे कळायला अर्धशतक लागलं. कुमेरो हे तर नव्वदी ओलांडल्यावरही ट्रान्स फॅटविरुद्ध लढत होते. कॅनडाने या बाबतीत पुढाकार घेतला. पाकिटावर ट्रान्स फॅटचा आकडा छापायची सक्ती करणारा हा पहिला देश. ती सक्ती २००५ च्या अखेरीस लागू झाली. २००६ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने अहवाल दिला आणि सप्टेंबर २०१८ पासून अर्धवट हायड्रोजन भरलेली तेलं अन्नात वापरायला बंदी आली.

मला ही बंदी मनापासून मान्य आहे. पण खवटपणावरचं ते औषध काढून घेतल्यावर खवटपणाचा प्रश्न परत उघडा पडला. मोठ्या उपाहारगृहांनी आणि कारखान्यांनी जास्त ओलेइक आम्लाची, म्हणजे सैल हायड्रोजन कमी असलेली, तेलं घेतली, त्यासाठी कॅनोलाच्या आणि सूर्यफुलाच्या नव्या जाती काढल्या गेल्या, आणि तो मार्ग चांगला आहे. छोट्या दुकानांत, केटरिंगच्या स्वयंपाकघरांत, आणि आपल्या घरात मात्र तेल निवडताना भाव पाहिला जातो. पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात संपृक्त मेद आहे, ट्रान्स आहे, साखर आहे, सोडियम आहे. तळताना या मेदाचं किती बिघडलं, त्याची ओळ तिथे नाही.

भारताने एक पाऊल टाकलंय ते इथल्या वाचकांना क्वचित माहीत असतं. तळणीच्या तेलातल्या बिघडलेल्या भागाचं मिळून एक माप असतं, ध्रुवीय संयुगांची टक्केवारी. युरोपातल्या काही देशांनी ती २४ ते २५ टक्क्यांवर रोखली होती. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. अंमल कसा होतो हा वेगळा प्रश्न, आणि मोहल्ल्यातल्या भजीवाल्याच्या कढईत मीटर बुडवणारा निरीक्षक मीही पाहिलेला नाही. तरी रेघ आखली गेली हे मोलाचं.

तुपाबद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं, म्हणून त्यावर थोडं थांबते. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मार्क जेकबसन यांचा एक लेख आला. परदेशी गेलेल्या भारतीयांत हृदयविकार इतका का, याचं एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी तुपाकडे बोट दाखवलं. त्यांनी तपासलेल्या तुपातल्या स्टेरॉलांपैकी १२ टक्क्यांहून अधिक ऑक्सिडीकरण झालेलं कोलेस्टेरॉल होतं, ताज्या लोण्यात ते नव्हतं. त्या लेखाने परदेशातल्या भारतीय घरांत मोठी भीती पसरली. कित्येक आज्यांच्या हातातली तुपाची वाटी काढून घेतली गेली. नंतर भारतात झालेल्या तपासण्यांत नीट कढवलेल्या ताज्या तुपात हे कोलेस्टेरॉल फारसं आढळलं नाही. तेच तूप पुन्हा पुन्हा तापवलं, त्यात तळत राहिलं की मात्र ते वाढत गेलं. माझ्या मते दोन्ही खरं आहे, कारण दोघांनी एका नावाच्या दोन वस्तू तपासल्या. मंद आचेवर कढवून महिन्याभरात संपवलेलं तूप एक. तेच तूप जिलेबीच्या कढईत दहा दिवस राहिलं की ते दुसरं.

कॅनडात २००० साली मॅकमास्टर विद्यापीठाच्या सोनिया आनंद, सलीम युसुफ आणि सहकाऱ्यांनी हॅमिल्टन, टोरांटो आणि एडमंटनमधल्या दक्षिण आशियाई, चिनी आणि युरोपीय वंशाच्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. हृदयविकाराचं प्रमाण आपल्यात सर्वांत जास्त निघालं. चकित करणारी गोष्ट अशी की मानेतल्या धमन्यांच्या भिंती युरोपीय वंशाच्यांत अधिक जाड होत्या, तरी रोग आपल्यात अधिक होता. त्या अभ्यासाने रक्तातली साखर, चरबी, रक्त गोठवणारे घटक यांकडे लक्ष वेधलं. त्यात तुपावर खापर फोडलेलं नाही, आणि मीही फोडणार नाही. आपल्यासारख्यांनी या प्रश्नाकडे इतरांपेक्षा जरा जागरूकपणे पाहावं, इतकंच त्यातून मी घेते.

खाल्लेला बिघडलेला मेद रक्तात पोचतो का, ही शंका रास्त आहे. पोचतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या इलोना स्टाप्रान्स यांनी १९९० च्या दशकात माणसांवरच दाखवलं की ऑक्सिडीकरण झालेला मेद जेवणानंतर रक्तातल्या मेदकणांत सापडतो. इस्राएलचे जोसेफ कॅनर यांनी पुढे जाऊन म्हटलं की जठर ही स्वतःच एक भट्टी आहे. मांसातलं लोह, मेद, आम्ल आणि गिळलेली हवा एकत्र आली की पोटातही ही आग चालू राहते, आणि वनस्पतींतल्या रंगद्रव्यांचे आणि तुरट द्रव्यांचे रेणू ती विझवतात. सेंट-ॲनच्या त्याच संकुलात, क्रॅम्प्टन यांच्यानंतर चाळीस वर्षांनी, स्टॅन क्युबो यांनी १९९० आणि १९९२ मध्ये या सगळ्या संयुगांच्या विषारीपणाचा आढावा घेतला. तो मी अजूनही विद्यार्थ्यांना वाचायला देते. उंदरांवर आणि पेशींवर पुरावा भरपूर आहे. माणसांवर, वर्षानुवर्षं, मोजूनमापून केलेले अभ्यास त्यामानाने फार थोडे आहेत. म्हणून या पुस्तकात ‘इतके वडे खाल्ले तर इतकं आयुष्य कमी’ असलं एकही वाक्य नाही. असं वाक्य कुणी सांगितलं तर ते मानू नका.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांवर एक छोटं प्रकरण आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडात मिळणारी १७१ ओमेगा-३ उत्पादनं तपासली गेली आणि सुमारे निम्मी ऑक्सिडीकरणाच्या कुठल्या ना कुठल्या मापात उद्योगाच्याच ऐच्छिक मर्यादेबाहेर निघाली. गोळी फोडून वास घ्या. कुबट मासळीचा वास आला तर ती हृदयासाठी घेऊ नका.

धुराचं प्रकरण मात्र मोठं आहे, कारण त्याचा भार स्वयंपाक करणाऱ्या बाईवर पडतो. तेलाचा धूर डोळ्यांत झोंबतो तो ॲक्रोलीनमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावरच्या तळणीच्या धुराला माणसात कर्करोग घडवण्याची बरीच शक्यता असलेल्या गटात ठेवलंय, आणि २०२१ मध्ये ॲक्रोलीनलाही. तळणीच्या धुराबद्दलचा माणसांतला पुरावा मुख्यतः धूम्रपान न करणाऱ्या चिनी गृहिणींच्या फुप्फुसाच्या कर्करोगातून आला. हेल्थ कॅनडाने एडमंटन, रेजायना, विंडसर, हॅलिफॅक्स अशा शहरांत घरातली हवा तपासली आहे. घरात ॲक्रोलीन बाहेरच्यापेक्षा जास्त असतो आणि स्वयंपाक हे त्याचं एक कारण आहे. उणे वीसमध्ये खिडकी उघडवत नाही, आणि पुष्कळ भाड्याच्या घरांत गॅसवरचं हूड हवा बाहेर न टाकता जाळीतून गाळून तीच परत खोलीत सोडतं. आपल्या मुलींनी, सुनांनी आणि आता मुलांनीही घर बघताना त्या हुडाची नळी भिंतीबाहेर जाते का, हे आधी पाहावं. मी ज्या ज्या घरात फराळ शिकवायला जाते तिथे पहिल्यांदा हेच पाहते.

पुढच्या पानांत पाककृतीही आहेत, आणि त्या मी जपून निवडल्या आहेत. कढवताना तुपात टाकलेलं विड्याचं पान, लोणच्यावरच्या तेलात मोहरी-मेथी, चिवड्यात हळद आणि कढीपत्ता, या सगळ्यांत आग मंदावणारी द्रव्यं आहेत. आपल्या बायकांनी ती चवीसाठी आणि टिकण्यासाठी शोधून ठेवली. विड्याच्या पानाने तूप जास्त टिकतं हे दुग्धशास्त्राने नंतर तपासूनही पाहिलं. जवसाची चटणी पहिल्याच प्रकरणात आहे. अख्खं जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजायचं, गार करून कुटायचं, पंधरा दिवसांची कुटायची, महिन्याची नाही. जवसाचं तेल मात्र कढईत घालायचं नाही. वाढताना, ताटात, कच्चं.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि हिवाळाभर आमच्याकडेच असतात. तेलाच्या प्रकरणावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नासतं तर मग सांगायचंस ना तेव्हाच.” यंदाच्या दिवाळीत आम्ही छोटी कढई घेतली, तेल कमी घातलं, करंज्या आधी, चकली शेवटी, कारण चकलीच्या पिठाचा चुरा तळाशी जळतो. वाटीभर तेल उरलं. ते त्यांनी गार झाल्यावर स्वतःच्या हाताने जुन्या डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि वापरलेलं तेल जिथे गोळा करतात तिथे मी न्यावं म्हणून दारापाशी ठेवून दिलं.